बिनकाट्यांची शमी

सकाळचा चहा व्हायच्या आत महिपत अंगणात उकिडवा बसायचा आणि सुबाभळीची रोपं उपटायला लागायचा. रात्रीतून वर आलेली, करंगळीएवढी, पिसासारखी पानं मिरवणारी रोपं. मोरीच्या कडेला, पायरीच्या सांध्यात, बायकोच्या तुळशीत, कुठंही. रोप बुडाशी चिमटीत धरायचं, अर्धा पीळ द्यायचा आणि सरळ वर ओढायचं. घाई केली की मूळ आत तुटतं, आणि तुटलेलं मूळ गप्प बसत नाही. सगळी हयात लेथवर काढलेल्या माणसाची चिमूट ती. तिच्यातून रोप सुटायचं नाही. पण उपटलेला भारा कुंपणाबाहेर फेकून तो वळेस्तोवर वर वाऱ्यानं शेंगा खुळखुळायच्या. चपट्या, तपकिरी, घोसाघोसानं लटकलेल्या.

"हस," महिपत वर बघून म्हणायचा. "हस तुझ्या आयला. माझ्याच जिवावर माजलीस."

आंबिवली स्टेशनापासून आत, रुळांच्या पलीकडं त्याचं हे बैठं घर. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, मागं स्वयंपाकघर आणि भोवती वाफे काढण्याइतकं अंगण. त्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. आधी बोटाचं नख जायचं, मग बोट जायला लागलं. भेगेच्या बरोबर मागं ते झाड उभं होतं. जमिनीतली फरशी मुळानं अशी उचललेली की भांड्यातलं पाणी एका कडेला यायचं.

त्याचा मुलगा संदेश वर्तकनगरला राहायचा. त्यानं सरळ सांगून टाकलेलं, "बाबा, ती भिंत बसली ना, की मी तुम्हाला विचारणार नाही. गाडी घेऊन येणार आणि उचलून नेणार."

"उचलून न्यायला मी काय सिलेंडर आहे?"

"मस्करी नका करू. अंगावर पडली तर?"

संदेशचं घर वाईट नव्हतं. सून सोनल तर तोंडभर बोलायची. पण त्या वरच्या मजल्यावर पाय मातीला लागत नव्हते, आणि महिपतला पाय मातीला न लावता मरायचं नव्हतं. एवढीच त्याची मागणी होती जन्माकडं. म्हणजे आता गोष्ट सरळ होती. एकतर झाड जाणार, नाहीतर महिपत.

आणि झाड लावलेलं त्यानंच.

महिपत मूळचा देशावरचा, खटाव भागातला. पोटामागं ठाण्याला आला, वागळे इस्टेटीत एका कारखान्यात टर्नर झाला. त्या कारखान्यात दसऱ्याला मशिनी धुऊन-पुसून त्यांची पूजा व्हायची. झेंडूची माळ, नारळ आणि प्रत्येक मशिनीवर शमीचा पाला. पाला कुठून आणायचा यावरून एका वर्षी वाद झाला, तेव्हा महिपत मागच्या भिंतीकडं गेला आणि गटाराच्या कडेला उगवलेल्या एका झाडाची फांदी मोडून घेऊन आला.

"ही बघा शमी. पायाशी आहे आणि तुम्ही बाजार हिंडताय."

"नक्की ना रे?" फोरमननं विचारलं.

"देशावरचा माणूस आहे मी साहेब. आमच्या शिवेवर शमी आहे. मला शमी शिकवता?"

शिवेवर शमी होती, हे खरं होतं. पण ती महिपतनं पाहिलेली कधी? वर्षातून एकदा, दसऱ्याच्या तिन्हीसांजेला, सीमोल्लंघनाच्या गर्दीत, बापाच्या खांद्यावर बसून. हलगी, गुलाल, रेटारेटी. झाडापर्यंत पोचायचे ते मानकरी. पोराच्या हातात यायचा तो मुठीत चुरगळलेला बारीक पाला. एवढ्या ओळखीवर माणूस बोलून गेला, आणि एकदा बोलून गेला म्हणजे ते सिद्धच झालं. पुढं दरसाल कारखान्यात त्याच झाडाचा पाला यायचा आणि महिपतच्या हातूनच वाटला जायचा. साध्या टर्नरला त्या एका दिवशी मालकसुद्धा "महिपतराव" म्हणायचा.

मग आंबिवलीला जागा घेतली, घर बांधलं आणि वास्तुशांतीला कारखान्याच्या त्या गटाराकडचं एक रोप मुळासकट काढून महिपतनं रुमालात गुंडाळून आणलं. परसदारी स्वतः खड्डा केला.

बायको, मालन, कमरेवर हात ठेवून बघत होती. तीही देशावरचीच, पण शेरडं राखलेली. "अवं, शमीला काटं असत्यात. ह्याला कुठं हायत?"

"शहरातली शमी आहे. हिला काटे कशाला येतील? हिला काय शेरडं खातात?"

मालन हसली, तसा विषय तिथंच मिटला. पण कुंपणापलीकडं जागेचा जुना मालक उभा होता. राघो, तिथलाच आगरी शेतकरी, जमिनी विकून झाल्यावर उरलेल्या तुकड्यात बकऱ्या पाळणारा.

"महिपत, ही शमी नाय रं. ही सुबाभल. बकऱ्यांचा पाला. आमचे बांधावर कुनी तरी लावली, मंग सगला बांध खाल्ला तिनी. आताच उपट."

"राघोदादा, तुम्ही भातवाली माणसं. तुम्हाला भातातलं कळतं."

राघोनं खांदे उडवले. "जागा तुजी, झार तुजा. पन सांगून ठेवतो, मान्सू मरल पन ह्याचा बी मरनार नाय. मातीन पडून ऱ्हातो, वरसानुवरसा."

महिपतनं ऐकलं नाही. ऐकावं कशाला? तीन पावसाळ्यांत झाड पत्र्याच्या वर गेलं आणि गल्लीत बातमी झाली की महिपतकाकांच्या दारी शमी आहे. गल्ली कसली, दहा गावांची दहा माणसं. कोकणातली, खानदेशातली, कोणी लातुराकडची. गाव सुटलेलं आणि गावातलं झाडही सुटलेलं. दसऱ्याला ताट घेऊन बायका यायला लागल्या. शमीशी शनीचं नातं, म्हणून शनिवारी कोणी तेलाचा दिवा लावून जायचं. महिपत धोतर नेसून पाटावर बसायचा आणि शमीचं माहात्म्य सांगायचा. "शमीवाले काका," पोरं म्हणायची. त्यालाही बरं वाटायचं. खोटं कशाला बोला?

मग एकदा चुलत्याच्या नातवाच्या लग्नाला तो गावी गेला. ऐन दुपारी, परतीची एसटी यायची म्हणून शिवेवर थांबला. वर बघतो तर समोर शमी. पहिल्यांदाच दिवसाउजेडी, कोणी गर्दी नाही, हलगी नाही. खरबरीत, वाकडी, अंग आखडून बसलेली. ओळख देण्यासाठी त्यानं फांदीला हात घातला आणि कचकन काटा बोटात गेला. रक्ताचा थेंब आला. महिपत त्या थेंबाकडं बघत राहिला. बस आली आणि गेली.

घरी आल्यावर मालननं बोटाची चिंधी पाहिली. "काय झालं?"

"काय नाही. काटा लागला."

"कशाचा?"

त्यानं बोट मुठीत मिटलं. शेरडं राखलेल्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही. तीही पुढं काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं महिपतला पुढं फार वाटलं.

तोवर अंगण हातचं गेलं होतं. मालनचा कढीपत्ता सावलीत खुरटला. अळू गेलं. शेवगा तर सुबाभळीनं असा रेटला की तो कुंपणाबाहेर वाकून सूर्य शोधायला लागला. महिपत गुपचूप फांद्या छाटायचा. एक छाटली की तिथून मूठभर फुटायच्या. मालन आजारी पडली तेव्हा खिडकीतून तिला आभाळ दिसत नव्हतं, हलणारा पाला तेवढा दिसायचा.

"तुमची शमी लई वाढली," ती एकदा म्हणाली. त्या 'तुमची'त सगळं होतं. त्याच वर्षी ती गेली.

भिंतीला भेग पडली ती त्यानंतर. तेव्हा मात्र महिपतनं ठरवलं, आता लाज बास. पालिकेत रीतसर अर्ज केला. माणूस आला, भेग बघितली, मान हलवली, "काका, हे तर काढायलाच पाहिजे." नियमाप्रमाणं झाडाच्या बुंध्याला नोटीस लागली, की हे झाड तोडायचं आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावं.

संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली अंगणात. पुढं कलावती. तीन घरं सोडून राहणारी, पोळ्या लाटून संसार ओढलेली बाई. तिच्यामागं बंटी, ज्याचा स्वतःचा फोटो असलेला बॅनर गल्लीच्या तोंडाशी बारमाही असायचा. सण बदलला की त्यातला फक्त मजकूर बदलायचा.

"काका, शमी तोडताय?" कलावतीनं असं विचारलं, जसा काही तो माणूस मारायला निघालाय.

महिपतनं श्वास घेतला. "कलावतीबाई, ही शमी नाही. सुबाभूळ आहे. माझी चूक झाली."

बंटी फिस्सकन हसला. "काय काका! एवढी वर्षं तुम्हीच बोलत होते ना शमी, शमी? आता भिंतीला क्रॅक गेला तर लगेच सुबाभूळ?"

"अरे, खऱ्या शमीला काटे असतात."

"तुम्हीच सांगितलेलं, शहरातल्या शमीला नसतात," मागून कोणीतरी म्हणालं. खरंच, तेही त्यानंच सांगितलेलं. मालनवर केलेला विनोद पुढं माहात्म्यात शिरला होता.

कलावती पुढं आली. तिचे डोळे भरले होते. "काका, माझ्या राकेशच्या साडेसातीत तुम्हीच मला बोललेले, शनिवारी शमीला दिवा लाव. मी पावसात लावला, तापात लावला. मग त्याला नोकरी कशी लागली? सांगा ना. सुबाभूळ होती तर लागली कशी?"

राकेश चार बुकं शिकला होता, हुशार होता, म्हणून लागली. पण हे तिच्या तोंडावर म्हणायचं म्हणजे त्या बाईच्या सगळ्या शनिवारांवर पाणी ओतायचं. त्याच्या गप्प बसण्याचा गल्लीनं आपल्याला हवा तो अर्थ लावला.

पुढच्या शनिवारी सकाळी तो रोपं उपटायला गेला, तर झाडाच्या बुडाशी एक काळा दगड. वर तेल, काळे उडीद, रुईच्या पानांची माळ. शनिमहाराज बसले होते.

नोटिशीची मुदत संपल्यावर झाडं तोडणाऱ्या कंत्राटदाराची माणसं दोर-करवत घेऊन आली. दगड बघितला आणि त्यातल्या मोठ्यानं करवत खाली ठेवली. "बाबा, आम्ही पोटापाण्यासाठी उंच चढणारी माणसं. तुमच्याकडं कागद आहे, बरोबर आहे. पण वरून पडलो तर कागद काय झेलणार का? दुसरं कोणी बघा."

दुसरं कोणी आलं नाही. मग महिपत राघोकडं गेला. म्हातारा बकऱ्यांना पाला टाकत होता. तोच, सुबाभळीचा.

"दादा, तू तरी चल. तुला तर पहिल्यापासून माहीत आहे हे काय झाड आहे. दोघं मिळून बुंधा काढू."

राघोनं मान खाली घातली. "मी तवाच बोल्लो होतो तुला."

"बोल्ला होतास. मी गाढव. आता चल."

"नाय रं." त्यानं हात जोडले, महिपतला नाही, महिपतच्या घराच्या दिशेला. "झार कसला बी असूं दे. दगर तं शनीचा हाय ना?"

महिपत तसाच उभा राहिला. राघोच्या बकरीनं एक अख्खी फांदी सोलून खाल्ली आणि त्याच्याकडं बघून रवंथ करायला लागली. शनीची भीती नसलेला त्या परिसरात तेवढा एकच जीव होता.

एकदा तो स्वतः कोयता घेऊन गेला. पहिला घाव बसला आणि समोरच्या घराचं दार उघडलं, मग शेजारचं. कोणी ओरडलं नाही, कोणी अडवलं नाही. बायका नुसत्या उभ्या राहून बघत होत्या. ज्यांनी मालनच्या शेवटच्या दिवसांत आळीपाळीनं डबे आणून दिले होते, त्याच. महिपतनं कोयता खाली ठेवला. माणसं तोडून झाड तोडायचं, एवढी ताकद त्याच्या हातात नव्हती.

नंतर सगळं भराभर झालं. दगडाभोवती चबुतरा आला, चबुतऱ्याला फरशी आली. दर्शनाला वळसा पडतो म्हणून कुंपणाची एक बाजू काढली. बंटीनं येऊन खांद्यावर हात ठेवला. "काका, टेन्शन नाय घ्यायचं. जागा तुमचीच हाय, महाराज फक्त बसलेत. आणि मान कायम तुमचा. पब्लिकला सांगून ठेवलंय आपन."

संदेशनं मधेच घर विकून टाकायचं बघितलं. दलाल आला, गाडीतून उतरला, झाड बघितलं, दगड बघितला, चपला काढून नमस्कार केला आणि परत गाडीत बसला. "बाबा, आता हे घर विकताही येत नाही आणि त्यात राहताही येत नाही," संदेश म्हणाला. "काय करून ठेवलंत तुम्ही?"

"तुझ्या आईला विचार," महिपत बोलून गेला, आणि उठून रोपं उपटायला अंगणात गेला.

श्रावणात एका दुपारी भिंत बसली. महिपत पुढच्या ओट्यावर होता म्हणून वाचला. स्वयंपाकघराच्या जागी विटांचा ढीग, त्यातून मालनच्या मांडणीचा एक पाय वर आलेला. आणि ढिगाऱ्यामागं झाड जसंच्या तसं, नुकतं अंघोळ केल्यासारखं हिरवंगार. गल्ली धावून आली. "महाराजांनी वाचवलं काकांना," कलावती म्हणाली आणि तिनं मनापासून चबुतऱ्यावर डोकं टेकलं.

संदेश बोलल्याप्रमाणं गाडी घेऊन आला. महिपतनं बरोबर काही घेतलं नाही, फक्त मालनची तुळस घेतली.

वर्तकनगरच्या गॅलरीत तुळस लागली. महिपत काही लागला नाही. सकाळी त्याची चिमूट आपोआप खाली जायची आणि फरशीला लागून परत यायची.

दसऱ्याला बंटीचा फोन आला. "काका, पहिली पूजा तुमच्या हातची. नाय बोलायचं नाय." संदेश नको म्हणत होता. महिपत मात्र एका गोष्टीसाठी जायला तयार झाला. फोनवर बंटी बोलता बोलता म्हणाला होता, "माइक पन ठेवलाय. दोन शब्द तुम्हीच बोला."

गल्लीच्या तोंडाशी बॅनर होता. त्यात बंटी मोठा, शनिमहाराज मध्यम आणि कोपऱ्यात महिपत. अंगण माणसांनी भरलेलं. विटांचा ढीग सपाट करून त्यावर खुर्च्या मांडलेल्या. जिथं मालनची चूल होती तिथं स्पीकर उभा. महिपतनं पूजा केली. मग माइक हातात आला, तसा तो सरळ उभा राहिला.

"मंडळी, आज सणाचा दिवस आहे, खोटं बोलणार नाही. हे झाड मी कारखान्याच्या गटारावरून आणलं. ही सुबाभूळ आहे. शमी नाही. कधीच नव्हती. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं, आणि त्यापायी माझं घर गेलं. तुमचीही घरं जातील. हिला काढा."

स्पीकर तेवढा घूं घूं करत होता. महिपतला वाटलं, पोचलं. एवढ्या वर्षांनी एकदाचं पोचलं.

कलावती उठून उभी राहिली. तिच्या अंगावर काटा आला होता, ती दंडावरून हात फिरवत होती. "ऐकलंत का गं बायांनो? गटारावरची सुबाभूळ होती! आणि महाराज बसले तिच्या पायाशी, आणि तिची शमी झाली!"

"बोला शनिमहाराज की..." बंटीनं माइक महिपतच्या हातातून अलगद काढून घेतला.

जयजयकार झाला. महिपतचे ओठ हलत होते, पण आवाज आता स्पीकरचा होता. तो खाली बसला. बसल्या जागी पायाशी एक रोप दिसलं, करंगळीएवढं. हात आपोआप गेला. चिमूट, अर्धा पीळ, सरळ वर.

"अहो काका, फेकू नका, फेकू नका!" एक बाई धावत आली आणि तिनं ते रोप ओंजळीत घेतलं. "माझ्या दारात लावते मी."

"मला पण द्या ना," दुसरी म्हणाली.

बंटीला असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. अर्ध्या तासात दह्याचे रिकामे डबे आले, त्यात अंगणातली माती आली, एकेका डब्यात एकेक रोप बसलं. आंबिवलीच्या प्रत्येक दाराला पुरतील एवढी रोपं त्या अंगणात होतीच. बायका डबा कपाळाला लावून घरी नेत होत्या. राघोची सूनसुद्धा एक घेऊन गेली.

निघताना बंटीनं एक डबा महिपतच्या हातात ठेवला आणि वाकून पाया पडला. "पहिला मान तुमचा, काका."

गाडी दुर्गाडीच्या पुलावर आली तेव्हा महिपतनं मांडीवरच्या डब्यात चिमूट घातली. मूळ अख्खं आलं. खिडकीची काच खाली करून त्यानं ते बाहेर सोडून दिलं.

"बाबा!" पुढून संदेश आरशात बघत म्हणाला. "प्रसाद होता तो."

महिपतनं बोट मातीत खुपसलं. आत काहीतरी टणक लागलं. चपटं, गुळगुळीत बी. अजून एक. अजून एक.

"जाऊ दे ना, कशाला ओरडतोस त्यांना," त्याच्या शेजारी बसलेली सोनल म्हणाली आणि मागं वळून तिनं प्रेमानं हात पुढं केला. "द्या बाबा तो डबा. तुमच्याच अंगणातली माती आहे, वाया कशाला घालवायची? आईंच्या तुळशीला घालते."

महिपतनं तोंड उघडलं. बोलून काय होतं, ते त्यानं आज ऐकलं होतं, स्पीकरवर. त्यानं डबा तिच्या हातात दिला.